पैसे घ्या हो, पैसे!

जगात पैसे बुडवणारे लोक असतात, उधार ठेवणारे असतात, "उद्या देतो" म्हणणारे असतात. त्यांना दंड व्हावा, माझं काही म्हणणं नाही. पण हातात पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला "असे नाही घेणार, आधी आमचं ॲप उतरवून घे" असं सांगायचं, आणि ते उतरेपर्यंत वेळ गेला म्हणून त्यालाच दंड लावायचा, हा धंदा मी फक्त ब्रिटनमध्ये पाहिला. धंद्याचं नाव कार पार्किंग.

तर मंडळी, आजची पोस्ट जरा चिडून लिहिलेली आहे. चहा घेऊन बसा.

१९५८ च्या जुलैमध्ये लंडनच्या मेफेअर भागात, ग्रोव्हनर स्क्वेअरला, या देशातलं पहिलं पार्किंग मीटर लागलं. लोकांनी तेव्हाही बोटं मोडली असणारच. पुढे खांबाखांबावरची मीटरं जाऊन कोपऱ्यात एकच मशीन आलं. चिल्लर टाका, तिकीट घ्या, डॅशबोर्डवर ठेवा. पण मीटर काय आणि मशीन काय, व्यवहार सरळ होता. पैसे मागणारा स्वतः तिथे उभा असायचा, भले लोखंडाचा का होईना. तो बिघडला तर तो बिघडलाय हे सगळ्या जगाला दिसायचं. कुणीतरी त्याच्या तोंडावर काळी पिशवी बांधायचं आणि प्रश्न मिटायचा.

आता त्या जागी एक पाटी असते. पाटीवर ॲपचं नाव आणि चार-सहा आकडी लोकेशन कोड. मग आपण कामाला लागायचं. ॲप उतरवा (मागच्या गावातलं चालत नाही, इथलं वेगळं. रिंगगो, पेबायफोन, जस्टपार्क, मायपरमिट... माझ्या फोनमध्ये पार्किंगच्या ॲप्सचंच एक संमेलन भरलंय). ईमेल द्या, पासवर्ड ठरवा, गाडीचा नंबर द्या, कार्ड द्या. मग बँक विचारणार, "हे तुम्हीच का?" त्यासाठी बँकेचं ॲप उघडा. ते म्हणणार, आधी अपडेट करा. एवढ्यात मागच्या सीटवरून "बाबा, शू लागली." आणि सगळं झालं की शेवटी दहा-वीस पेन्स 'सुविधा शुल्क'. सुविधा कुणाची, हे विचारायचं नाही.

पण माझं भांडण वेळखाऊपणाशी नाही. तसं असतं तर चार शिव्या घालून गप्प बसलो असतो. भांडण वेगळंच आहे. पूर्वी पैसे घेण्याचं साधन त्यांचं होतं, म्हणून ते बंद पडण्याची जबाबदारीही त्यांची होती. आता साधन माझं आहे. फोन माझा, त्याची बॅटरी माझी, सिग्नल माझ्या नशिबाचा, कार्ड माझं. आणि या साखळीतली कुठलीही कडी तुटली की गुन्हेगार मी! मशीनचा खर्च वाचला त्यांचा, आणि बिघाडाचा धोका आला माझ्या गळ्यात. याला सोय म्हणत नाहीत. याला ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं म्हणतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात वेल्सच्या किनाऱ्यावर गेलो होतो. खाजगी कंपनीचा कारपार्क, आत शिरतानाच नंबरप्लेट टिपणारा कॅमेरा, आणि डोंगराच्या कुशीत असल्यामुळे फोनला सिग्नलचा एक दांडासुद्धा नाही. बायको-पोरांना गाडीत बसवून मी चढण चढून वर गेलो, तिथे दोन दांडे मिळाले, पैसे भरले. पूर्ण दिवसाचे. दहा दिवसांनी घरी पत्र. आत शिरल्यानंतर ११ मिनिटांनी पैसे भरलेत, मुदत पाच मिनिटांची होती, सबब १०० पौंड; १४ दिवसांत भरले तर ६०. सगळ्यांनी सांगितलं, साठ टाक आणि मोकळा हो. मी टाकले नाहीत. चार पत्रं आणि अडीच महिने गेले. शेवटी उत्तर आलं की कंपनी "सद्भावनेने" ही रक्कम सोडून देत आहे. म्हणजे मी दिवसाचे पूर्ण पैसे भरलेले, आणि वर क्षमा मात्र ते करणार!

ही पाच मिनिटांची गंमत माझ्या एकट्याची नव्हती. २०२४ च्या अखेरीस अशी प्रकरणं वर्तमानपत्रांत इतकी गाजली की पार्किंगवाल्यांच्या संघटनांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःच नियम बदलला. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या कारपार्कमध्ये बाहेर पडण्याआधी पैसे भरले असतील तर उशीर झाला म्हणून दंड नाही. उत्तम. पण यावरून एवढंच सिद्ध होतं की नियम कुणी केला होता आणि कुणाच्या सोयीसाठी.

दुसरी गंमत बघा. ब्रिटिश नंबरप्लेटवर इंग्रजी 'ओ' हे अक्षर आणि शून्य हा आकडा अगदी एकसारखे छापतात. डोळ्यांना फरक दिसणं शक्यच नाही. फोनच्या कीबोर्डवर मात्र ते दोन वेगळे. तुम्ही शून्याऐवजी ओ दाबलात की पैसे भरले गेले एका अस्तित्वात नसलेल्या गाडीचे आणि तुमची गाडी ठरली फुकटी. अशा किरकोळ चुका माफ कराव्यात असं त्यांच्याच आचारसंहितेत लिहिलंय. पण ते कधी, तर पत्र आल्यावर आणि तुम्ही अपील केल्यावर. किती जण करत असतील? कागदी तिकिटाला तुमचं नाव-गाव-नंबर काहीच लागत नसे. ते काचेमागे दिसलं की झालं.

आणि ही यंत्रणा केवढी मोठी आहे ते ऐका. खाजगी कंपनीला गाडीच्या मालकाचा पत्ता हवा असेल तर ती सरकारच्या डीव्हीएलएला (म्हणजे इथल्या आरटीओला म्हणा) अडीच पौंड देऊन तो मिळवते. २०२३-२४ या एका वर्षात असे सव्वा कोटीहून जास्त पत्ते मागितले गेले. सगळ्यांचं कारण ॲप नव्हे, हे मान्य. पण सव्वा कोटी पत्रं हा अपवाद नसतो, तो धंदा असतो.

२०१५ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने चेम्सफर्डच्या एका खटल्यात अशा आकारणीला मान्यता दिली. तिथे दोन तास पार्किंग फुकट होतं आणि गाडी ५६ मिनिटं जास्त थांबली होती. ८५ पौंड योग्य ठरले. त्यामागचा विचार मला पटतो. जागा अडवून बसणाऱ्याला काही धाक हवाच, नाहीतर इतरांनी जायचं कुठे? पण ही काठी अडवून बसणाऱ्यासाठी होती. पैसे भरायला सिग्नल शोधत डोंगर चढणाऱ्याच्या पाठीत घालण्यासाठी नव्हती.

आता दुसरी बाजू. कौन्सिलं म्हणतात की मशीन सांभाळायचा खर्च फार, चिल्लर गोळा करायला माणूस पाठवावा लागतो, चोर मशीन फोडतात, आणि थ्रीजी बंद झाल्यावर जुन्या मशीनचे मोडेमही बदलावे लागले. सगळं खरं आहे. ॲपवरून घरबसल्या वेळ वाढवता येते, दवाखान्यात नंबर लांबला तर पळत खाली यावं लागत नाही, हेही खरं. मीसुद्धा ते वापरतो. ॲप असू नये असं मी म्हणतच नाही. ॲपच असावं, दुसरं काही नसावं, याला माझा विरोध आहे.

कारण मग बाहेर कोण राहतं? आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या घरात आहेत. गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवतात. गाडीत जॅमच्या बरणीत चिल्लर ठेवलेली असते, पार्किंगसाठी. गावातल्या कारपार्कमधलं मशीन काढल्यापासून त्या तिथल्या लायब्ररीत जात नाहीत. "फोनवर कार्डाचा नंबर टाकायची भीती वाटते," म्हणतात. आपण त्यांना हसायचं का? पाट्यांवर खोटे क्यूआर कोड चिकटवून कार्डं लुटणाऱ्या टोळ्या या देशात खरोखरच आहेत. भीती त्यांची बरोबर आहे, चूक व्यवस्थेची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे मंत्री मायकेल गोव्ह यांनी कौन्सिलांना पत्र लिहून या लोकांचा विचार करा असं विनवलं होतं. पत्राने मशीन परत येत नाही.

इथवर वाचून पुण्याचे काका म्हणणार, "आमच्याकडे बघ, भाजीवालासुद्धा यूपीआय घेतो!" काका, मान्य. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. यूपीआयमध्ये ॲप तुमचं कुठलंही असो, पैसे पोचतात. इथे तशी सोय आत्ता कुठे येतेय. नॅशनल पार्किंग प्लॅटफॉर्म नावाची योजना २०२५ मध्ये सरकारने पार्किंग उद्योगाच्या हाती सोपवली, आणि तीही सामील झालेल्या कौन्सिलांपुरतीच. दुसरं म्हणजे तुमचा भाजीवाला अजून नोटही घेतो. तो तुम्हाला मेथीची जुडी हातात धरून पाच मिनिटांत रेंज शोधायला लावत नाही.

उलट तुमच्याकडची एक गोष्ट मला इथे हवी आहे. २०१८ साली भारतात टोलच्या नियमांत एक शहाणी तरतूद आली. गाडीचा फास्टॅग चालू आहे, त्यात पैसे आहेत, आणि नाक्यावरचं यंत्रच बिघडलंय, तर गाडी टोल न घेता सोडायची आणि शून्य रुपयांची पावती द्यायची. (प्रत्यक्ष नाक्यावर काय होतं ते तुम्हीच सांगा!) पण तत्त्व बघा काय सुंदर आहे. पैसे घेण्याचं यंत्र ज्याचं, बिघाडाचा तोटाही त्याचा. बस्स, एवढंच मागणं आहे. तुमच्या जागी सिग्नल नाही? ॲप झोपलंय? पाटी वाचता येत नाही? तर माझी गाडी शून्य रुपयांच्या पावतीवर उभी राहील. हा नियम उद्या लागू झाला ना, तर परवा सगळ्या कारपार्कमध्ये चिल्लर घेणारी मशीनं परत दिसतील. पैशाचा धोका स्वतःच्या खिशात आला की माणसं फार लवकर सुधारतात.

आणि तोवर? तोवर एवढंच करा. पैसे भरले असतील तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, सिग्नल नसेल तर त्याचाही, पाटीचाही. आणि साठ पौंडांत सुटका मिळतेय म्हणून घाबरून भरू नका. पत्र लिहा. दुसरं लिहा. तिसरं लिहा. आपण मराठी माणसं, वाचकांच्या पत्रव्यवहारावर पोसलेली. या एका कलेत तरी आपल्याला कुणी हरवू नये.