यंत्रानें दिलेला दाखला

दिनांक २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यांत भूकंपाचे धक्के बसले व ते नांदेडपर्यंत जाणवले. अशी वार्ता आली कीं ज्या घरांतील वडील मंडळींना १९९३ सालचा प्रलय आठवतो, त्या घरांत एकच प्रश्न निघतो : किल्लारीस झालें तें येथें होईल काय, आणि तेथें तरी तें कां झालें? पूर्वीं हा प्रश्न एखाद्या वृद्ध शिक्षकास विचारीत. आतां कॉलेजांत शिकणारी नात तो संगणकास विचारते, आणि अर्ध्या मिनिटांत उत्तर व त्याखालीं पांचसहा शोधनिबंधांचे दाखले हजर होतात. हे दाखले कसे शोधावे व कसे पारखावे, याविषयीं या खेपेस लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण नांदेड-लातुराकडील आमच्या वाचकांच्या घरीं कोणी ना कोणी प्रबंध लिहिण्यांत गुंतलेलें असतें, आणि त्यांचा पहिला आधार आतां हें यंत्रच झालें आहे.

यंत्र शोधतें तें आपण दिलेल्या शब्दांवरून, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. किल्लारीचा भूकंप आपल्याकडे ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला कांहीं मिनिटें असतां झाला. गणपतीचें विसर्जन आटोपून लोक निजले होते. परंतु भूकंपशास्त्रज्ञ वेळ ग्रीनिचची धरतात, व तेथें तेव्हां २९ तारखेची रात्र होती. म्हणून कित्येक निबंधांत हाच भूकंप २९ सप्टेंबरचा म्हणून नोंदलेला आहे. नांवाचीही तीच गत. कोणी त्यास लातूरचा म्हणतो, कोणी किल्लारीचा, आणि रोमन लिपींत एक जादा अक्षर घालून कोणी त्या गांवाचें 'खिल्लारी' करून टाकतो. शिवाय लातूर जिल्हा झाला १९८२ सालीं. त्यापूर्वींचें भूगर्भविषयक लिखाण उस्मानाबादच्या नांवाखालीं आहे, आणि उस्मानाबादचें आतां धाराशिव झालें आहे. एकाच नांवानें शोध करणाऱ्यास एकच गठ्ठा सांपडतो, आणि तोच सर्व ग्रंथभांडार अशी त्याची समजूत होते.

आतां दोन निबंध पाहा. दोन्ही १९९६ सालचे. 'जिऑलॉजी' या नियतकालिकांत सी. पी. राजेंद्रन, कुसला राजेंद्रन व बिजू जॉन यांनीं असें मांडलें कीं, हा भूकंप म्हणजे अतिप्राचीन खडकांतील जुना प्रस्तरभंग पुन्हां जागा झाल्याचें उदाहरण होय. 'जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च' मध्यें लिओनार्डो सीबर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, बेसाल्टाच्या थरांत हा नवाच प्रस्तरभंग तर नव्हे, असा विचार मांडला. आणि त्यांच्या मथळ्याच्या शेवटीं प्रश्नचिन्ह आहे. त्या प्रश्नचिन्हाचें मोल मोठें आहे. भंग जुना असेल तर तसे दुसरे कोठें आहेत हें हुडकतां तरी येईल. नवा असेल तर आधीं खूण कोठली मिळणार? यंत्रास संक्षेप करावयास सांगितला कीं हें प्रश्नचिन्ह गळून पडण्याचा संभव फार, आणि दोन विरुद्ध मतांची एक गुळगुळीत खिचडी पानावर येते. पुढें हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें किल्लारीस ६१७ मीटर खोल वेध घेतला, तेव्हां वरचा बेसाल्टच ३३८ मीटर जाडीचा निघाला. एवढ्या पांघरुणाखालीं काय दडलें आहे याविषयीं विद्वानांत मतभेद राहिले तर नवल नाहीं. पण तो मतभेद मूळ निबंध उघडल्यावांचून कळत नाहीं.

याहून वाईट प्रकार म्हणजे मुळांतच नसलेला निबंध. २०२२ च्या नोव्हेंबरांत निघालेलें चॅटजीपीटी व त्याच्या जातीचीं यंत्रें शोभेल असें वाक्य रचतात. त्यांत ग्रंथकार खरा, नियतकालिक खरें, सालही पटण्याजोगें, मात्र निबंध कोणींच लिहिलेला नाहीं. न्यूयॉर्कच्या वकिलांनीं असे कधींच न झालेले निवाडे न्यायाधीशापुढें ठेविले, आणि जून २०२३ मध्यें त्यांना पांच हजार डॉलर दंड झाला. म्हणून प्रत्येक दाखल्याचा डीओआय क्रमांक घालून पाहावा. तेवढ्यानेंही भागत नाहीं. क्रमांक खरा असून भलत्याच निबंधावर नेऊन सोडतो, असेंही होतें. मथळा, ग्रंथकार, खंड व पृष्ठें मुळाबरहुकूम आहेत कीं नाहींत हें ताडून पाहावें. जुन्या शास्त्रीमंडळींना पोथीचे पाठभेद जुळवितांना याहून अधिक कष्ट पडत, आणि ते कोणी कुरकुर करीत नसत. निबंध मागाहून मागें घेतला गेला आहे काय, हेंही पाहावें. 'रिट्रॅक्शन वॉच' ची यादी २०२३ पासून सर्वांस खुली आहे. आणि एक खरा निबंध हातीं लागला कीं गूगल स्कॉलरवर तो पुढें कोणीं उद्धृत केला तें उघडावें. प्रतिवादी बहुधा तेथेंच भेटतात.

छापलेलें तें सर्व खरें, हा भ्रमही सोडला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादींत विद्यापीठांच्या शिफारशीनें आलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी भूषण पटवर्धन व इतरांनीं २०१८ सालीं 'करंट सायन्स' मध्यें प्रसिद्ध केली. कसोटीस उतरलीं तीं ११२.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे प्रबंध इतर विद्यापीठांच्या प्रबंधांबरोबर 'शोधगंगा' या भांडारांत ठेविले जातात. तेथील मराठी प्रबंधांचे मथळे देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत शोधून पाहावे. आणि हेंही जाणून असावें कीं, घाईनें घातलेला एक खोटा दाखला प्रबंधांत राहून गेला तर पुढच्या विद्यार्थ्यास व पुढच्या यंत्रास तोच साक्षीदार होतो. मूळ निबंध पैशावांचून उघडत नसेल तर ग्रंथकारास चार ओळींचें पत्र लिहावें. पुष्कळ जण प्रत आनंदानें धाडतात.

राहतां राहिला घरांतल्या मंडळींचा प्रश्न. भूकंपाच्या कारणाविषयीं निबंधांत मतें अनेक. निम्न तेरणा जलाशयाच्या पाण्याचा संबंधही चर्चिला गेला. मृतांचा आंकडासुद्धां कोठें आठ हजारांच्या जवळ, कोठें दहा हजारांच्या जवळ आढळतो. परंतु माणसें एवढीं कां मेलीं, याविषयीं आम्हीं पाहिलेल्या लिखाणांत एकवाक्यता आहे : मातींत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, आणि त्यांवर फूटभर वा त्याहून अधिक मातीचें माळवद.