दरज आणि दर्जा

‘ग्राउट आहे साहेब, तडकणारच!’ हे वाक्य ज्या ठेकेदाराने पहिल्यांदा उच्चारले त्याचा पुतळा उभारला पाहिजे. आणि तोही त्याच्याच हातच्या मालाने, म्हणजे दोन पावसाळ्यांत तो आपसूक जमीनदोस्त होईल.

न्हाणीघरे नवी करण्याची सध्या घरोघर हौस आहे, आणि हौसेला माझी हरकत नाही. जुनी शहाबादी फरशी निघते, मोरबीहून आलेल्या चकचकीत टाइल्स बसतात, नळाची तोटीदेखील हंसाच्या मानेसारखी डौलदार येते. पाहुण्यांना आधी देवघर दाखवावे की न्हाणीघर, असा यजमानाला प्रश्न पडतो. मग चार महिन्यांत दोन टाइल्समधली ती रेघ केसासारखी चिरते, पिठासारखी भुरभुरते, काळी पडते. तक्रार केली की वरील महावाक्य ऐकायला मिळते. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी अर्धा तास हुज्जत घालणारे आपण या वाक्यापुढे मात्र निमूट मान डोलावतो.

हे वाक्य खोटे आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. ग्राउट आपल्या मर्जीने तडकत नाही. सिमेंटच्या ग्राउटमध्ये पाणी किती घालायचे ते पिशवीवर छापलेले असते. पण पातळ ग्राउट भराभर पसरते, हाताला श्रम पडत नाहीत, म्हणून घमेल्यात तांब्याने पाणी ओतले जाते. हे जादा पाणी पुढे उडून जाते, ग्राउट आकसते आणि चिरते. यात दैवाचा संबंध आला कुठे? ग्राउटचे पैसे घेऊन नुसता पांढरा सिमेंट भरणारे महाभाग तर निराळेच. रुंद सांध्यात नुसता सिमेंट भरला तर तो आकसणारच. त्याला आवरून धरायला त्यात वाळूचा कणही नसतो.

जुने गवंडी या कामाला दरज भरणे म्हणत. दरज कशी भरली त्यावरून कामाचा दर्जा ओळखत. आज हे काम कोणाकडे असते? ओळंबा धरून भिंत सरळ लावणारा कारागीर तोवर दुसऱ्या घरी गेलेला असतो. दरजा भरायला उरतो तो परवाच गावाहून आलेला एक पोरगा, ज्याला कुणी काही शिकवलेले नाही. मुलांच्या वह्या तपासताना मला हेच दिसते : पहिले पान मोत्यासारखे आणि शेवटचे कोंबडीच्या पायांचे. फरक इतकाच, की वहीच्या शेवटच्या पानातून खालच्या मजल्यावर पाणी गळत नाही.

त्या पोराला मी दोष देत नाही. मजुरी चौरस फुटावर ठरते. सांध्यांची लांबी कोण मोजतो? आणि मुकादमाइतकाच दोषी आहे तो घरधनी. ‘वसुबारसेच्या आत उरकले पाहिजे’ असा त्याचा धोशा. सकाळी टाइल बसली, संध्याकाळी दरजा भरल्या, दुसऱ्या दिवशी गीझरचे कढत पाणी! खालचा थर अजून ओला आहे, निदान एक दिवस थांबा, असे सांगणारा कारागीर त्याला कामचुकार वाटतो. शिवाय टाइलमागून टाइल चिकटवून बसवायची, मध्ये फट दिसता कामा नये, हाही त्याचाच आग्रह. दोन मिलिमीटरची फट सोडली तर ग्राउट आत शिरेल तरी. फटच नसेल तर ते वरच्यावर पापुद्र्यासारखे राहते आणि पहिल्याच घासण्याला निघून येते.

बरे, चिरा पडल्याच, तर त्यांवर काय उपाय होतो? पांढऱ्या सिमेंटचा बोळा वरून फिरवायचा! जखम न धुता पावडर लावावी तसला हा प्रकार. जुने ग्राउट निदान दोनतृतीयांश खोलीपर्यंत खरवडून, धूळ झाडून मगच नवे भरावे लागते. पण त्याआधी चीर कुठे आहे ते पाहायला नको का? भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात चीर असेल, तर तिथे ग्राउट पुनःपुन्हा भरून उपयोग नाही. दोन पृष्ठभाग आपापल्या परीने हलतात. त्यांच्यामध्ये सिलिकॉनसारखे लवचिक काही हवे. चीर एखाद्या टाइलच्या भोवतीच असेल, तर त्या टाइलवर रुपया वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर समजा की मसाल्याचे चार गोळे ठेवून टाइल दाबली आहे आणि कोपरे अधांतरी आहेत. ती टाइल काढल्यावाचून गत्यंतर नाही. हल्ली एपॉक्सी ग्राउटचा फार गवगवा आहे. ते पाणी शोषत नाही, डाग धरत नाही, हे खरेच. पण हलत्या टाइलभोवती तेही तडकते, आणि पैसे मात्र कितीतरी जास्त जातात.

दिवाळीच्या साफसफाईत ॲसिडची बाटली घेऊन न्हाणीघरात शिरणाऱ्या गृहिणींना आणि गृहस्थांना एवढेच सांगतो, की टाइलला त्या ॲसिडाने सहसा काही होत नाही; खाल्ला जातो तो सिमेंटचा सांधा.

कुणी म्हणेल, एका रेघेसाठी एवढा आकांडतांडव कशाला? ज्याच्या डोक्यावर वरच्या घराचे न्हाणीघर आहे त्याला हे विचारा. सिमेंटची दरज मुळात पाणी अडवतच नाही. पाणी अडवायचे ते टाइलखालच्या जलरोधक थराने. पण चिरांमधून रोज बादलीभर पाणी मुरू लागले, आणि तो थर तोडफोडीत दुखावलेला असला, म्हणजे खालच्या घरात आधी पिवळा डाग, मग पोपडे, मग गंजलेली सळई असा क्रम लागतो. घराच्या आतल्या न्हाणीघरातून होणाऱ्या गळतीचा खर्च सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींप्रमाणे सामान्यतः त्या सदनिकेच्या धन्यानेच सोसायचा असतो. तरीही वरचे गृहस्थ ‘आमच्याकडे तर सगळे कोरडे आहे’ म्हणून दार लावून घेतात. ज्यांच्याकडे लक्ष्मीपूजनाला फराळाची ताटे जायची, त्यांच्याशी जिन्यात बोलणे बंद झालेली दोन घरे मला ठाऊक आहेत.

माझ्या माहितीत एक वयस्क गवंडी आहे. टाइल लावण्यापूर्वी, खालचा जलरोधक थर झाला की तो मोरीच्या तोंडाला बोळा कोंबून जमिनीवर पाणी तुंबवतो आणि पुरते दोन दिवस ते हलवू देत नाही. मग खालच्या घरी जाऊन, स्टुलावर चढून छताला स्वतः हात लावून पाहतो. दरजा तो स्वतः भरतो आणि नंतर दोन-तीन दिवस ओल्या फडक्याने शिंपत राहतो. त्याचा दर इतरांपेक्षा फारसा जास्त नाही. दिवस तेवढे जास्त लागतात. लोक त्याला चेंगट म्हणतात. यंदा ऐन दिवाळीच्या तोंडावर, सगळे ठेकेदार दोन-दोन घरे एकदम उरकत असताना, त्याच्या हाताला तीन आठवडे काम नव्हते.