तुरुंगाच्या भिंती आणि गावाची भाकरी



अमेरिकेतील एखाद्या ग्रामीण काउंटीत मोठा तुरुंग बांधण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा गुन्हेगारीपेक्षा रोजगाराचीच चर्चा अधिक होते. इतक्या नोकऱ्या मिळतील, इतके डॉलर बाजारपेठेत खेळतील, असे जनसुनावणीत सांगितले जाते. आपली कुटुंबे येथे कर भरतात आणि त्यांतील अनेक जण आता मतदानही करतात. त्यामुळे असा प्रस्ताव आपल्याशी संबंध नसलेली गोष्ट राहत नाही. या वेळच्या सदरात एका गावाचा जमाखर्च मांडायचा आहे.

इलिनॉय राज्याच्या वायव्य भागात, मिसिसिपी नदीच्या काठी, थॉमसन नावाचे खेडे आहे. तुरुंग उभा राहिला त्या वेळी त्याची वस्ती जेमतेम सहाशेच्या आसपास होती. कलिंगडांसाठी ते ओळखले जाते आणि दरवर्षी तेथे कलिंगडांचा उत्सव भरतो. जवळच्या सव्हाना येथील लष्करी दारूगोळ्याचे आगार २००० साली कायमचे बंद झाले आणि आधीच रोडावलेला परिसरातील रोजगार आणखी आटला. अशा काळात राज्य सरकारने तेथे अतिसुरक्षित तुरुंग उभारला, तेव्हा गावाने त्याचे स्वागत केले. त्यात नवल काही नाही. ज्याच्या घरची चूल थंडावली आहे, तो दारी आलेल्या रोजगाराची जात विचारीत नाही.

२००१ साली तुरुंग पूर्ण झाला. त्यात १,६०० कोठड्या होत्या आणि खर्च सुमारे १४ कोटी डॉलर आला होता. परंतु तो चालविण्यासाठी राज्याच्या तिजोरीत पैसा नव्हता. २००६ साली कमी सुरक्षेचा, सुमारे २०० कैद्यांचा एक लहान विभाग तेवढा उघडला आणि २०१० मध्ये तोही बंद झाला. मुख्य इमारत दहा वर्षांहून अधिक काळ रिकामी उभी राहिली. डिसेंबर २००९ मध्ये ग्वांतानामो येथील काही बंदिवान थॉमसनला आणण्याची योजना ओबामा सरकारने जाहीर केली आणि पुन्हा हजारो नोकऱ्यांची भाषा सुरू झाली, पण काँग्रेसने ती योजना रोखली. अखेर २०१२ मध्ये केंद्र सरकारने १६.५ कोटी डॉलर देऊन तुरुंग विकत घेतला. आता सुमारे १,१०० नोकऱ्या निर्माण होतील, असे त्या वेळी सांगण्यात आले. तरीही इमारत खऱ्या अर्थाने भरण्यास आणखी काही वर्षे गेली.

या कहाणीतून पहिली गोष्ट दिसते ती अशी की, तुरुंगाची खरी किंमत बांधकामाच्या आकड्यात नसते. केंद्रीय तुरुंग विभागाच्या हिशेबानुसार २०२१ च्या आर्थिक वर्षात एका कैद्यामागे सरासरी ४३,८०० डॉलरहून थोडा अधिक खर्च आला. या दराने १,६०० कैद्यांचा वार्षिक खर्च सुमारे ७ कोटी डॉलर होतो. म्हणजे बांधकामाला लागली तेवढी रक्कम दोन वर्षांत पुन्हा खर्ची पडते आणि पुढे दर दोन वर्षांनी पडतच राहते. कोनशिला बसविताना या आकड्याचा उच्चार क्वचितच होतो.

दुसरा प्रश्न नोकऱ्यांचा. तुरुंगातील वरिष्ठ आणि अनुभवी पदे बहुधा अन्यत्रच्या तुरुंगांतून बदलीने येणाऱ्यांना मिळतात. ही मंडळी लहान खेड्यात घर घेतातच असे नाही. शाळा, दवाखाने आणि दुकाने असलेल्या मोठ्या गावी राहून ती रोज मोटारीने ये-जा करतात आणि पगारही तेथेच खर्च होतो. अन्नधान्य, कपडे, औषधे यांची खरेदी मोठ्या ठेक्यांतून होते, गावच्या वाण्याकडून नव्हे. सरकारी मालमत्ता असल्यामुळे तुरुंगावर स्थानिक मालमत्ता कर लागत नाही. रस्ते, पाणी आणि सांडपाणी यांचा भार मात्र स्थानिक यंत्रणेवर वाढतो.

हे केवळ थॉमसनपुरते आहे काय? न्यूयॉर्क राज्यातील ग्रामीण काउंट्यांचा पंचवीस वर्षांचा अभ्यास ‘सेंटेन्सिंग प्रोजेक्ट’ या संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केला. तुरुंग असलेल्या आणि नसलेल्या काउंट्यांमध्ये बेरोजगारी व दरडोई उत्पन्न यांबाबत लक्षणीय फरक त्यात आढळला नाही. ग्रेगरी हुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ ते १९९४ या काळातील देशभरच्या काउंट्या तपासल्या. त्यांनाही तुरुंगामुळे विकासाला गती मिळाल्याचा पुरावा सापडला नाही. उलट, आधीच मागे पडलेल्या काउंट्यांची वाढ तुरुंगामुळे खुंटत असावी, असे त्यांच्या निष्कर्षांतून दिसले.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. समाजशास्त्रज्ञ जॉन ईसन यांनी आर्कान्सामधील फॉरेस्ट सिटीचा अभ्यास करून २०१७ मध्ये ग्रंथ लिहिला. दक्षिणेतील गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय गावांच्या पुढाऱ्यांनी तुरुंग का मागितले, हे त्यांनी सहानुभूतीने समजावून दिले आहे. वर्णभेदाने आणि दारिद्र्याने ज्यांच्यापुढचे इतर पर्याय हिरावून घेतले, त्यांना तुरुंगामुळे काही काळ तरी घसरण थांबविता आली. हा मुद्दा खरा आहे आणि अशा गावांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोष द्यायचा तर तो कारखाना, महाविद्यालय किंवा रुग्णालय यांऐवजी केवळ तुरुंगच देऊ करणाऱ्या व्यवस्थेला द्यावा लागेल. अलाबामा राज्याने नव्या महातुरुंगांच्या बांधकामासाठी करोनाकाळातील केंद्रीय साहाय्यापैकी ४० कोटी डॉलर वळविले, ही घटना या संदर्भात बोलकी आहे.

हिशेबाची आणखी एक बाजू आहे. तुरुंगाचे अर्थकारण कैद्यांच्या संख्येवर चालते. ज्या गावाची भाकरी तुरुंगावर अवलंबून असते, त्याला शिक्षा सौम्य झाल्या, कैदी घटले, तर ती वाईट बातमी वाटू लागते. हे कैदी असतात कोण? देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १४ टक्के आहे, राज्यांच्या व केंद्राच्या तुरुंगांत मात्र ते जवळपास एकतृतीयांश आहे. त्यांतील अनेकांची घरे दूरच्या शहरांत असतात. भेटीला येणाऱ्या आईचा प्रवासखर्च गावाच्या जमाखर्चात कुठेही दिसत नाही. जनगणनेत कैद्याची गणना त्याच्या घरी न होता तुरुंगाच्या पत्त्यावर होते. बहुतेक राज्यांत त्याला मत देण्याचा अधिकार नसतो, पण त्याच्या डोक्यामुळे तुरुंगाच्या मतदारसंघाचे वजन मात्र वाढते. प्रत्येक माणसाचे मत आणि मूल्य समान असले पाहिजे, हा बाबासाहेबांचा आग्रह ज्यांनी आत्मसात केला आहे, त्यांना यातील अन्याय वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. इलिनॉयसह काही राज्यांनी मतदारसंघ आखताना ही पद्धत बदलण्याचे कायदे केले आहेत.

थॉमसनचे पुढे काय झाले? केंद्रीय तुरुंग विभागाने शिस्तीसाठीचा विशेष विभाग तेथे हलविला. दोघादोघा कैद्यांना एका लहान कोठडीत दिवसाचे जवळजवळ चोवीस तास कोंडले जाई. तेथील खून, मारहाण आणि छळ यांच्या बातम्या २०२२ मध्ये देशभर पोहोचल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो विभाग बंद करण्यात आला. कर्मचाऱ्यांच्या टंचाईची तक्रारही सतत होत राहिली. ज्या नोकऱ्यांसाठी गावाने वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्या टिकविणेही अवघड ठरले.

लोकांनी प्रश्न विचारले तर निर्णय अडतो, याचेही उदाहरण ताजे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्कान्साच्या फ्रँकलिन काउंटीत ३,००० खाटांचा तुरुंग बांधण्याची घोषणा झाली. स्थानिकांना आधी विश्वासात घेतले नव्हते. त्यांनी संघटित विरोध केला. २०२५ च्या अधिवेशनात ७५ कोटी डॉलरच्या तरतुदीवर राज्याच्या सिनेटमध्ये वारंवार मतदान होऊनही ती संमत होऊ शकली नाही.

आपल्या काउंटीत असा प्रस्ताव आला तर सुनावणीला जावे आणि चार प्रश्न विचारावेत. वार्षिक चालू खर्च किती आणि तो कोण देणार? सांगितलेल्या नोकऱ्यांपैकी स्थानिकांसाठी किती, असे लेखी हमीपत्र मिळेल काय? पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांचा बोजा कोणावर पडणार? कैद्यांची संख्या घटली तर या इमारतीचे आणि तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचे काय होणार? या प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. मुलांनाही बरोबर न्यावे. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे हे नागरिकाचे काम आहे आणि ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले बरे.