तिसऱ्या बांकावरील मंडळी

मोटार घेतांना घरांतील ज्याच्या हातीं तिचें चक्र राहणार त्याच्याच मताला सर्व मान द्यावयाचा, ही रीत आम्हांस कधींच पटलेली नाहीं. लहान गाडीच्या बाबतींत ती एक वेळ चालेल. परंतु अमेरिकेंत ज्यांस 'फुल-साइझ एसयूव्ही' म्हणतात, त्या सात-आठ माणसांच्या अवाढव्य गाड्यांच्या बाबतींत ती मुळींच चालत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे, पुतणे, भाचे तिकडे संसार थाटून आहेत. येथून वडीलधारी मंडळी राहावयास गेली कीं पांच माणसांची गाडी अपुरी पडते, आणि अशा गाडीचा विचार सुरू होतो. त्या घरांसाठीं हे चार शब्द.

या गाड्यांचें मूळ मालवाहू ट्रकांत आहे. शेव्हरोलेची 'सबर्बन' १९३५ सालीं निघाली ती ट्रकाच्याच सांगाड्यावर; आणि ती व तिचें आंखूड भावंड 'टाहो' यांनीं तें नातें अद्यापि सोडलेलें नाहीं. बोजा ओढावयास हें उत्तम. पाठीच्या कण्यास तितकें नव्हे. २०२० च्या नमुन्यापर्यंत या दोन्ही गाड्यांचीं मागील चाकें एकाच अखंड आंसानें जखडलेलीं असत. बैलगाडींत बसलेल्यांस निराळें सांगावयास नको कीं, एक चाक दगडावर चढलें म्हणजे दुसऱ्या बाजूचा माणूसहि हिंदकळतो. २०२१ पासून प्रत्येक मागील चाक स्वतंत्रपणें वरखालीं होऊं लागलें. फोर्डनें आपल्या 'एक्स्पिडिशन'मध्यें ही सुधारणा २००३ च्या नमुन्यांतच केली होती. हिचा दुसरा लाभ आम्हांस पहिल्याहून मोठा वाटतो. अखंड आंस हलण्यासाठीं तळाखालीं जी जागा राखावी लागते ती वांचली, तळ खालीं आला, गाडीहि कांहींशी लांब झाली. आणि टाहोच्या तिसऱ्या बांकावर पायांसाठीं सुमारें २५ इंचांच्या जागीं ३५ इंच मिळूं लागले. गुडघे हनुवटीस लावून बसण्याची शिक्षा संपली!

टोयोटाची 'सिक्वोया' मात्र उलट वाटेनें गेली. पूर्वीच्या पिढींत स्वतंत्र मागील चाकें असतां २०२३ मध्यें तिनें पुनः अखंड आंस घेतला. शिवाय विजेच्या जोडीची बॅटरी तिसऱ्या बांकाखालीं आली. ४३७ अश्वशक्ति आहे, ओढण्याचें बळ आहे; पण त्याचें मोल मागें बसणारीं माणसें देतात.

मोठ्या रिमांचा मोहहि असाच. १८ इंचांऐवजीं २२ इंचांची रिम घेतली म्हणजे टायरची रबरी कड आंखूड होते, आणि रस्त्याचा प्रत्येक सांधा थेट बांकाशीं येतो. शोभा बाहेरच्यांनीं पाहावयाची, धक्के आंतल्यांनीं सोसावयाचे. पैसा खर्चावयाचाच तर हवेच्या स्प्रिंगांवर खर्चावा. टाहोंत त्या घेतल्यास उतरतेवेळीं गाडी सुमारें २ इंच खालीं बसते, आणि दुखऱ्या गुडघ्यांस २ इंच थोडे नव्हेत.

एंजिन आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविलें आहे. दुकानांत तें प्रथम येतें. २०२१ च्या टाहोंत तीन एंजिनें मिळत: ५.३ लिटरचें ३५५ अश्वशक्तीचें, ६.२ लिटरचें ४२० चें, आणि ३ लिटरचें डिझेल अवघ्या २७७ चें. आंकडे पाहून कोणीहि मधल्याकडे धांवेल. परंतु चाकें फिरविण्याचा जोर, ज्यास टॉर्क म्हणतात तो, या मधल्यांत व डिझेलांत अगदीं सारखा, ४६० पौंड-फूट होता. मधलें तो मिनिटास ४,१०० फेऱ्यांवर देई, डिझेल १,५०० वर. म्हणजे आठ माणसें, त्यांचें सामान आणि घाटाचा चढ असतां डिझेल आरडाओरडा न करितां चढतें, मागें झोंपलेलें मूल जागें होत नाहीं, आणि गॅलनामागें मैलहि अधिक पडतात. मात्र गाडी रोज शाळा व बाजार एवढीच फिरणार असेल तर डिझेल घेऊं नये. त्याची काजळी अडविणारी जाळी तापून स्वच्छ होण्यास लांबची दौड लागते. अशा घरास ५.३ पुरेसें आहे.

जुनी गाडी घेणारांनीं एक करावें. २०२० ची आणि २०२१ ची टाहो नांवानें एकच असली तरी मागच्या चाकांमध्यें वांकून पाहावें, आणि नंतर घरांतील सर्वांत वयस्कर माणसास तिसऱ्या बांकावर बसवून खडबडीत रस्त्यानें दोन मैल हिंडवून आणावें. किंमतीची बोलणीं त्यानंतर.