साल टाकण्याआधी गाडी बघा!

लिंबागणेशच्या गणपतीच्या देवळापुढचा जुना फोटो घरी सापडला, तर स्टेटसला टाकण्याआधी मागं उभी असलेली गाडी बघा. १७ सप्टेंबर आला की कुठल्याही काळ्यापांढऱ्या फोटोखाली ‘१९४८’ लिहून आपण मोकळे! त्यात अ‍ॅम्बेसेडर असेल तर? ती १९५७ च्या आधी नव्हतीच. तोवर निजामाची राजवट संपून नऊ वर्षं झाली होती. ‘डुक्कर फियाट’ही पन्नाशीच्या दशकातली. अशानं मुक्तिसंग्रामाच्या खऱ्या फोटोंवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. उलटा हिशेब मात्र नको. जुन्या गाड्या आपल्याकडं वीस-वीस वर्षं पळतात, त्यामुळं फोटो गाडीपेक्षा कितीही नवा असू शकतो. शंका आली तर गॅरेजवाल्या चाचांना दाखवा. ते नुसती पुढची जाळी बघून मॉडेल सांगतात.