काठीला सलाम पुरे, आता रॅम्प बांधा

दरवर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला माझा एक फोटो मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतो. छातीवर पदकं, हातात काठी. खालचा मजकूर ठरलेला असतो: वीर अब्दुल हमीद, ब्रिगेडियर उस्मान आणि ‘आपल्या गावचा फौजी’. पाठवणारी मुलं-मुली बहुतेक विशीतली. त्यांचं प्रेम मला कळतं. तरी त्या फोटोबद्दल दोन गोष्टी बोलायच्या आहेत. एक काठीबद्दल, दुसरी पुराव्याबद्दल.

आधी काठी. सीमेवर गस्तीत सुरुंग फुटला आणि माझा डावा गुडघा, घोटा दोन्ही गेले. शस्त्रक्रिया झाल्या, मेडिकल बोर्ड झालं, १४ वर्षांची नोकरी संपली आणि हातात काठी आली. ती धरायलाही शिकावं लागतं. पायात चप्पल-बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा. काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यायला हवी. डावा पाय दुखरा असेल तर काठी उजव्या हातात. लोकांना हे उलटं वाटतं. पण चालताना डाव्या पायाबरोबर उजवा हातच पुढे जातो, आणि त्या हातातली काठी दुखऱ्या पायावरचा भार वाटून घेते. जिना चढताना आधी चांगला पाय. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

हे सगळं काही दिवसांत जमलं. सवय व्हायला मात्र वर्ष गेलं. फौजीचा उजवा हात सलामाचा असतो. तोच हात मुसाफ्याचा, जेवणाचा, लेकीचं बोट धरण्याचा. आता तो काठीत अडकला. कुणी हात पुढे केला की मी आधी टेकायला भिंत बघतो, काठी डाव्या हातात घेतो आणि मग हात मिळवतो. तेवढ्या वेळात समोरचा ओशाळून हात मागे घेतो. माझी दादी मात्र पहिल्याच दिवशी आपली काठी आपटत म्हणाली, “चल रे बेटा, अब अपनी जोडी जम गई!” तिच्या काठीची आमच्या घरात कधी कुणी कीव केली नव्हती. मला खरा धीर त्या वाक्याने दिला.

घराबाहेर काठीची किंमत हातावर ठरते. बँकेच्या रांगेत कुणीतरी विचारतं, “पायाला काय झालं?” फौजेत होतो म्हटलं की लगेच खुर्ची येते. आमच्या गल्लीतला एक गवंडी परांचीवरून पडला. त्याचाही गुडघा गेला. त्याची काठी माझ्याच मापाची आहे. त्याच रांगेत तो तासभर उभा राहतो. मला दरमहा पेन्शन मिळते, त्यात अपंगत्वाची रक्कम धरलेली असते. त्याला ठेकेदाराने दवाखान्याचा खर्चही पुरता दिला नाही. तोही कुणाचं तरी घर उभं करतानाच पडला होता ना?

कायदा असा भेद करत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. हे आरक्षण देताना जखम सीमेवर झाली की परांचीवर, हे कायदा विचारत नाही. ते आपण विचारतो.

सलामावर विसंबलं तर काय होतं, तेही बघा. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. सुवर्णपदक जिंकणाऱ्या फौजीला इतकं थांबावं लागलं, तर गवंड्याने कुणाची वाट बघायची?

आता पुराव्याचं. माझा फोटो तुम्ही का पाठवता, हे मला ठाऊक आहे. कॉलेजात, भाड्याचं घर शोधताना, नोकरीच्या मुलाखतीत तुमच्याकडे संशयाने बघितलं जातं. मग ‘बघा, आमचेही लढले’ असं सांगावंसं वाटतं. पण मी गस्तीवर गेलो तो माझं काम म्हणून. कुणाला उत्तर द्यायला गेलो नव्हतो. माझा गुडघा तुमच्या नागरिकत्वाचा दाखला झाला, तर ज्याच्या घरात फौजी नाही त्याने काय दाखवायचं? मालेगावचा यंत्रमाग कामगार, शाळेत शिकवणारी बाई, रिक्षावाला हे जखमेशिवायही पूर्ण नागरिक आहेत. संविधानाने हक्क देताना कुणाकडे जखम मागितली नाही. अब्दुल हमीद आणि उस्मान यांची आठवण जरूर ठेवा, पण ढाल म्हणून वापरू नका.

मला तुमच्याकडून वेगळं काही हवंय. आमच्या मशिदीला तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही. वुजूखान्याची फरशी गुळगुळीत आहे. काठीचं रबर झिजलेलं असेल तर ती साबणासारखी सरकते. जुम्म्याला दोन पोरं मला प्रेमाने दंडाला धरून वर नेतात. गवंड्याला कुणी धरत नाही, तो घरीच नमाज पढतो. इथे रॅम्प हवा. त्याचं साधं माप एकास बारा: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे १८ फुटांचा उतार. जागा कमी असेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून वळवता येतो. तोवर निदान पायऱ्यांना कठडा, वुजूखान्यात खरखरीत चटई आणि दाराजवळ चार खुर्च्या एवढं तर महिनाभरात होईल. मशिदीबरोबर वाचनालय, क्लास, शादीखानाही बघा. मदत करताना काठीचा हात धरू नका, तोल जातो. “कुठून धरू?” एवढं विचारा. ज्यांची प्रमाणपत्रं निघालेली नाहीत, त्यांचे फॉर्म भरून द्या. तुमच्या हातात मोबाइल आहेच.

आणि रॅम्पचं माप काढायला माणूस लागला, तर गल्लीतल्या त्या गवंड्याला बोलवा. त्याची मजुरी द्या. उताराचं गणित त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं.