धान्यात गोळी नको

पावसाळ्यात पोशीरच्या घरांत भिंतीही ओल धरतात. म्हणून आपण मे महिन्यातच डाळ-तांदूळ भरून ठेवतो. पण कीड लागू नये म्हणून त्यात सल्फासची गोळी टाकू नका. ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. नियमाने ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायची असते. धान्याशेजारीच लेकरे झोपतात अशा वस्तीत ती सुटी विकणे बंद झालेच पाहिजे, असे आम्ही ठामपणे म्हणतो.

डाळी कडक उन्हात, तांदूळ सावलीत वाळवा. पूर्ण गार झाल्यावर कडुलिंबाचा सुका पाला घालून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात काठोकाठ भरा. डबा फळीवर ठेवा.

गोळी ठेवलेल्या घरात कुणाला उलट्या होऊ लागल्या, धाप लागली, तर सगळ्यांना बाहेर काढा आणि लगेच दवाखाना गाठा.